कशावरून? : एका आर्ट्सवाल्याचं भौतिकशास्त्र

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. रात्री जेवणं उरकल्यावर निवांत वाचा.

परवा वाचनालयात एका ओळखीच्या निवृत्त सरांनी माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही पत्रकार माणूस, बी.ए. मराठी. हे क्वांटम-बिंटम वाचून करणार काय? आणि समजतं तरी का?" मी "टाइमपास हो सर" म्हणून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत प्रश्न डोक्यातून गेला नाही. सरांचं चुकीचं काही नव्हतं. दहावीत विज्ञानात मी काठावर पास झालेला, त्यानंतर आर्ट्स, मग पत्रकारितेचा डिप्लोमा. अशा माणसाने अणू-रेणूंची आणि विश्वाच्या जन्माची पुस्तकं का वाचावीत?

उत्तर द्यायचं तर सुरुवात एका चुकीपासून करावी लागेल. चूक माझीच आहे.

९ सप्टेंबर २००८. मी सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. गणपती बसलेले, विसर्जन चार-पाच दिवसांवर. दुसऱ्या दिवशी युरोपात जिनिव्हाजवळ, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर, २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यातलं एक मोठं यंत्र सुरू होणार होतं. प्रोटॉन नावाचे अतिसूक्ष्म कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आदळवायचे आणि त्यातून काय निघतं ते पाहायचं, असा तो प्रयोग. काही टीव्ही चॅनेलवाल्यांनी तोवर त्याची 'महाप्रलय' करून टाकली होती. कृष्णविवर तयार होणार, पृथ्वी गिळली जाणार, किती तास उरले त्याचं घड्याळ पडद्यावर.

आमच्याकडे एजन्सीची बातमी आली ती तशी सरळ होती. शास्त्रज्ञ म्हणतात धोका नाही, असं तिच्यात लिहिलेलं होतं. पण रात्री साडेदहाला पान सोडायची घाई, आणि 'शास्त्रज्ञ म्हणतात धोका नाही' याला कोण वाचणार? मी मथळा दिला : 'उद्या जगाचा अंत?'

ते प्रश्नचिन्ह बघा. आमच्या धंद्यात त्याची मोठी सोय असते. काहीही छापा, शेवटी प्रश्नचिन्ह लावा, जबाबदारी संपली. आम्ही कुठे म्हणालो, आम्ही तर विचारलं.

सकाळी बार्शीहून आजीचा फोन. "आरं, विसर्जनाच्या आधीच बुडायचंय का आपल्याला?" मी हसलो. मग तिचा आवाज बदलला. शेजारची आठवीतली पोरगी रात्रभर झोपली नव्हती. शाळेला जात नव्हती, आईला कामाला जाऊ देत नव्हती. "तुझ्याच पेपरात आलंय म्हणती. तू सांग की तिला, खोटं हाय म्हणून." पोरगी फोनवर आली. रडवेल्या आवाजात तिने एवढंच विचारलं, "काका, किती वाजता?"

मी तिला "काही होत नाही गं, जा शाळेत" म्हणालो. तिने विचारलं, "कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर जग बुडणार की नाही, हे मलाही माहीत नव्हतं. ज्या विषयावर आदल्या रात्री मथळा दिला, त्यातलं ओ की ठो मला कळत नव्हतं.

त्याच दिवसांत मध्य प्रदेशातून बातमी आली. टीव्हीवरच्या या बातम्या पाहून घाबरलेल्या एका शाळकरी मुलीने विष घेतलं आणि ती गेली, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं. ती बातमी लावताना माझा हात थांबला होता. आमचा पेपर तिच्या गावात जात नव्हता, हे मी मनाला बरेच दिवस सांगत राहिलो.

मी भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचायला लागलो ते तिथून. हौस वगैरे नंतरची.

पाच मिनिटांचं उत्तर

त्या पोरीच्या 'कशावरून'चं उत्तर मला मिळायला तीन-चार वर्षं लागली. आणि मिळालं तेव्हा लाज वाटली, इतकं ते सोपं होतं.

एक म्हणजे, १० सप्टेंबरला टक्कर होणारच नव्हती. त्या दिवशी प्रोटॉनचा झोत आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने नुसता फिरवून पाहायचा होता. पहिल्या टकरी झाल्या त्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये. कारण सुरू झाल्यावर नऊच दिवसांत विजेच्या एका सदोष जोडामुळे यंत्रात बिघाड झाला, हेलियम गळला आणि दुरुस्तीला वर्षभर गेलं. म्हणजे ज्या मुहूर्ताची आम्ही लोकांना भीती घातली, त्या मुहूर्ताला कार्यच नव्हतं!

दुसरं जास्त महत्त्वाचं. अवकाशातून पृथ्वीवर सतत वेगवान कणांचा मारा होत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. त्यातल्या काही कणांची ऊर्जा त्या यंत्रातल्या कणांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणजे जिनिव्हात माणूस जे करणार होता, ते निसर्ग आपल्या डोक्यावरच्या हवेत, चंद्रावर, सूर्यावर अब्जावधी वर्षं करतोच आहे. तशा टकरींनी जग गिळलं जायचं असतं तर पृथ्वी, चंद्र, सूर्य कधीच उरले नसते. आपण आहोत, हाच पुरावा.

यात गणित नाही. आठवीतल्या पोरीला पाच मिनिटांत सांगता येतं. पेपरात चार ओळीत बसतं.

अजून एक गोष्ट नंतर कळली. त्या बोगद्यातले हजारो किलो वजनाचे चुंबक ज्या जॅकवर नेमके बसवलेत, ते भारतातून गेले, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राच्या देखरेखीखाली बनून. ही बातमी आमच्या पानावर नव्हती. प्रलय होता.

बुकबाइंडरचा पोरगा

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. आपला विषय नसलेल्या माणसाने विज्ञान वाचून काय होतं? याचं एक उत्तर दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये सापडतं.

मायकेल फॅरडे १७९१ साली एका लोहाराच्या घरात जन्मला. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ म्हणून लागला. दिवसा पुस्तकं शिवायची, खळ लावायची, कातडी चढवायची, आणि जे बांधायला येईल ते वाचायचं. तिथे त्याला एक पुस्तक मिळालं, रसायनशास्त्रावरच्या गप्पांचं. एक शिक्षिका आणि दोन मुली यांचा संवाद, घरात करता येण्याजोगे प्रयोग. १८०६ सालचं पुस्तक, लेखिकेचं नावही वर नव्हतं.

लेखिका होती जेन मार्सेट. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती हम्फ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाच्या जाहीर व्याख्यानांना जायची आणि तिला ती नीट कळायची नाहीत. मग ओळखीच्या माणसाशी बोलून, प्रयोग करून तिने ती समजून घेतली. आपल्याला असं गप्पांतून कळलं तर इतरांनाही कळेल, म्हणून तिने पुस्तक लिहिलं. म्हणजे न समजलेल्या एका श्रोत्याने इतर न समजणाऱ्यांसाठी लिहिलेलं ते पुस्तक होतं.

ते वाचून फॅरडेने काय केलं? म्हातारपणी, मार्सेट बाई गेल्यावर, त्याने एका मित्राला पत्रात हे लिहून ठेवलंय. आपण लहानपणी फार खोल विचार करणारे नव्हतो, वाटेल त्या कल्पित गोष्टींवर विश्वास ठेवायचो. पण वस्तुस्थिती आपल्याला महत्त्वाची वाटायची, आणि कुणी विधान केलं की आपण त्याची उलटतपासणी करायचो. म्हणून पुस्तकातले छोटे छोटे प्रयोग, परवडतील तसे, स्वतः करून पाहिले. ते खरे निघाले, तेव्हा पुस्तकावर विश्वास बसला.

विधानाची उलटतपासणी! मंडळी, हे तर आमच्या डिप्लोमाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं होतं. फॅरडेने ते खळीच्या डब्याशेजारी बसून केलं. मी डेस्कवर बसून केलं नाही.

पुढचं बऱ्याच जणांना ठाऊक असेल. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने टिपणं काढली, ती स्वतःच्या हातांनी बांधली आणि डेव्हीला पाठवली. पुढच्या वर्षी त्याला तिथेच मदतनिसाची नोकरी लागली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याच माणसाने दाखवलं, की चुंबकाच्या साहाय्याने तारेत वीज निर्माण करता येते. आज आपल्या गावात येणारी औष्णिक किंवा जलविद्युत याच तत्त्वावर बनते. (दिवसातून किती तास येते, तो वेगळ्या पोस्टचा विषय.)

फॅरडेला गणित फारसं येत नव्हतं. त्याच्या कल्पनांना गणिताचं रूप दिलं ते जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. १८५७ साली फॅरडेने मॅक्सवेलला पत्रात विचारलं, की तुम्ही गणिती मंडळी तुमचे निष्कर्ष चिन्हांच्या लिपीतून उतरवून आमच्यासारख्यांना कळतील अशा साध्या भाषेत का मांडत नाही? म्हणजे जगातल्या सर्वांत थोर प्रयोगकर्त्यांपैकी एक माणूस गणिताच्या दारात आपल्यासारखाच उभा होता. आणि त्याला त्याचा संकोच नव्हता. तो स्वतःही मुलांसाठी नाताळात व्याख्यानं द्यायचा. एका साध्या मेणबत्तीवर त्याने दिलेली व्याख्यानं १८६१ साली पुस्तकरूपाने आली, ती आजही छापली जातात.

आता कुणी म्हणेल, तो फॅरडे होता, तू कोण? बरोबर आहे. पुस्तक वाचून मी शास्त्रज्ञ होणार नाही, तुम्हीही नाही. पण 'शास्त्रज्ञ' आणि 'आपण' ही भिंत वाटते तेवढी जुनी नाही. इंग्रजीतला 'सायंटिस्ट' हा शब्दच छापून आला तो १८३४ साली. तोही कुठे? मेरी सॉमरव्हिल या बाईंनी सर्वसामान्य वाचकांसाठी भौतिक विज्ञानावर लिहिलेल्या पुस्तकाच्या परीक्षणात. म्हणजे शास्त्रज्ञाला त्याचं इंग्रजी नाव मिळालं, ते लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाच्या निमित्ताने.

हार घालतो तो फोटो

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? फॅरडेच्या त्या प्रयोगानंतर जेमतेम सव्वाचार महिन्यांनी, ६ जानेवारी १८३२ ला, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. हा दिवस आम्ही पत्रकार दिन म्हणून साजरा करतो. दरवर्षी फोटोला हार, दोन भाषणं, चहा-बिस्किटं, एखादं आरोग्य शिबिर. मीही वीस वर्षं त्या फोटोसमोर उभा राहतोय.

पण त्या फोटोतला माणूस गणित आणि खगोल शिकवायचा, हे आमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक होते, कुलाब्याच्या वेधशाळेचं काम त्यांनी पाहिलं. आणि १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' नावाचं मराठी मासिक काढलं, ज्यात भूगोल, पदार्थविज्ञान, रसायन असे विषय मराठी वाचकासाठी यायचे. १८४६ साली, पस्तिशीच्या आत, ते गेले.

म्हणजे मराठी पत्रकारितेच्या पहिल्याच माणसाने बातमी आणि विज्ञान ही दोन वेगळी खाती मानली नव्हती. आपल्या लोकांना आपल्या भाषेत जगाची माहिती द्यायची, एवढं एकच काम त्याच्यासमोर होतं. दोन खाती आम्ही केली. आणि विज्ञानाच्या खात्यात उल्का, प्रलय आणि 'नासाने केला मोठा खुलासा' एवढंच शिल्लक ठेवलं.

समजतं तरी का?

हा सरांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. प्रामाणिक उत्तर : काही समजतं, बरंच समजत नाही.

स्टीफन हॉकिंगचं काळाच्या इतिहासावरचं पुस्तक १९८८ साली आलं आणि त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्याने आइन्स्टाइनचं एकच समीकरण ठेवलं. तरीही ते घेणाऱ्यांतल्या किती जणांनी शेवटपर्यंत वाचलं, हा जगभर चेष्टेचा विषय आहे. २०१४ साली एका अमेरिकन गणितज्ञाने गमतीने एक मोजमाप काढलं. ई-बुकमध्ये वाचक कुठल्या पानांवरच्या ओळींवर खुणा करतात ते पाहायचं. हॉकिंगच्या पुस्तकात हा आकडा आला ६.६ टक्के, म्हणजे सगळ्या खुणा सुरुवातीच्या पानांतच. मी स्वतः तीनदा अडकलो. काल्पनिक काळाच्या प्रकरणापाशी माझी गाडी अजूनही बंद पडते.

पण दुसरीकडे हे बघा. आइन्स्टाइनने स्वतः १९१७ साली सापेक्षतेवर सामान्य वाचकासाठी छोटं पुस्तक लिहिलं. त्यात रेल्वेगाडी आणि रुळाशेजारचा भराव आहे. मला वाचताना दिसली ती आमची बार्शी लाइट! १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची, आणि चालत्या गाडीतून उतरून परत चढता यायचं असं जुनी माणसं जिच्याबद्दल सांगतात, ती.

समजा, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला वीज पडली. बरोबर मध्यावर भरावावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही झळाळ्या एकदम दिसल्या. तो म्हणेल, विजा एकाच वेळी पडल्या. आता गाडीच्या मधल्या डब्यात एक बाई बसलीय. ती पुढच्या झळाळीच्या दिशेने चाललीय, मागच्यापासून लांब जातेय. तिला पुढची आधी दिसेल. प्रकाशाचा वेग दोघांसाठी सारखाच, ही यातली गोम. म्हणून ती म्हणेल, पुढची वीज आधी पडली. आणि दोघंही बरोबर! 'एकाच वेळी' म्हणजे कुणाच्या दृष्टीने, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना अर्थच नाही.

मी हे ओट्यावर काड्यापेटीच्या काड्या मांडून तीन रात्री करत होतो. बायको म्हणाली, "गॅस पेटवायला एक तरी काडी ठेवा." तिसऱ्या रात्री ते कळलं. मी काही आकडेमोड केली नाही, मला येतही नाही. पण दावा काय आहे आणि तो कशाच्या आधारावर आहे, एवढं लख्ख दिसलं. त्या रात्री झोप लागली नाही, ती वेगळ्या कारणाने.

रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सामान्य श्रोत्यांपुढे प्रकाशाबद्दल व्याख्यानं दिली होती, त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. त्यात तो हा फरक छान सांगतो. पटापट गणित सोडवायची रीत शिकायला विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं लागतात. पण ते नेमकं करताहेत काय, हे कुणालाही सांगता येतं. वजाबाकीची रीत न येणाऱ्याला बिया मोजून वजाबाकी म्हणजे काय ते दाखवता येतं, तसं. आपल्याला बिया कळल्या तरी पुष्कळ आहे.

चादर आणि गोळा

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. या पुस्तकांत दाखले असतात आणि दाखले फसवतात.

सगळीकडे भेटणारं उदाहरण म्हणजे ताणलेली चादर. मध्ये जड गोळा ठेवला की चादर खचते, शेजारची गोटी त्याच्याकडे घरंगळते, तसं सूर्यामुळे अवकाश वाकतं वगैरे. मी हे कितीतरी जणांना रुबाबात सांगितलं. एक दिवस माझ्या पोरीने विचारलं, "बाबा, पण गोळा चादरीत खाली का जातो?" मी म्हटलं, "जड आहे म्हणून, पृथ्वी ओढते." आणि जीभ चावली. गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच वापरलं होतं की! दाखला वाईट नाही, पण तो एका हद्दीपर्यंतच चालतो. पुढे गेलात की गाडी खड्ड्यात.

म्हणून आता माझ्या मालकीच्या पुस्तकांत (वाचनालयाच्या नव्हे, ग्रंथपाल बाई हे वाचत असतील) पेन्सिलीने खुणा करतो. जिथे 'कशावरून' कळलं तिथे बरोबरची खूण. जिथे नुसता दाखला आहे तिथे फुली. जिथे कळलंच नाही तिथे प्रश्नचिन्ह. २००८ साली प्रश्नचिन्ह अंग काढून घ्यायला वापरलं होतं. आता ते स्वतःच्या नावावर टाकतो.

नारळीकर सर

गेल्या वर्षी, २० मे २०२५ ला, जयंत नारळीकर गेले. तेव्हा सगळ्यांनी पोस्ट टाकल्या, मीही टाकली. त्यात राहिलेलं आज सांगतो.

कोल्हापुरात जन्मलेला, केंब्रिजला फ्रेड हॉइलबरोबर काम केलेला हा माणूस. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्याने 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने गोष्ट पाठवली. आपल्या नावाच्या वजनाने बक्षीस मिळू नये म्हणून. बक्षीस मिळालंच. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देतो. सही हवी तर प्रश्न आणा!

आणि याच नारळीकरांनी विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला, हे आयुष्यभर मान्य केलं नाही. १९६५ नंतर पुरावा त्या बाजूने झुकत गेला, बहुतेक शास्त्रज्ञ तिकडे गेले. हे वेगळा सिद्धांत मांडत राहिले. मला आधी याचा गोंधळ व्हायचा. एवढा मोठा माणूस, मग खरं कोणाचं? हळूहळू कळलं, की तिथे कोण म्हणतं याला शेवटी किंमत नाही. नारळीकरांनाही नाही, आणि त्यांना ती तशी नकोच होती. कशावरून म्हणता, एवढंच विचारलं जातं.

२००८ सालीच, मी जगाचा अंत छापत होतो त्या वर्षी, त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार विद्यार्थ्यांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या दिल्या, कुठली कोणाची ते ओळखा म्हणून. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तर साधारण ५० आले असते. हे समजायला कुठली डिग्री लागते?

आप्पा

आता शेवटचं, आणि हे गावातलं आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात 'क्वांटम तपासणी' शिबिर होतं. हातात धातूची कांडी धरायची, दोन मिनिटांत लिव्हर, किडनी, हाडं, सगळ्याचा रिपोर्ट. मग त्यावर उपाय म्हणून पावडरचे डबे. त्यांची जाहिरात माझ्यामार्फत आली होती. आमच्यासारख्या तालुका वार्ताहरांचं घर बातमीच्या मानधनावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे.

माझे चुलते, आप्पा, त्या शिबिराला जाऊन आले आणि शुगरच्या गोळ्या बंद करून पावडर घ्यायला लागले. "क्वांटम हाय त्ये, तुझ्या डाक्टरला काय कळतंय."

क्वांटम म्हणजे काय, एवढं तोवर मला वाचून ठाऊक होतं. १९०० साली माक्स प्लांकने मांडलं, की ऊर्जा सुट्या ज्वारीसारखी हवी तेवढी मापून मिळत नाही, बांधलेल्या पुड्यांसारखी मिळते. अणूच्या पातळीवरचे हिशोब त्यातून सुटले. कांडी धरून किडनी दिसते, असं त्यात कुठेही नाही. पण हे आप्पांना सांगून उपयोग नव्हता. मग मी फॅरडेचा मार्ग धरला. शिबिरात गेलो, कांडी धरली, वय खरं सांगितलं. रिपोर्ट ठीकठाक. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेबलावर गेलो, दुसरं नाव सांगितलं, वय ७० लिहिलं. तोच हात, तीच कांडी. या वेळी हाडं ठिसूळ, हृदय कमजोर! दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बातमी केली.

बातमी आली, आतल्या पानावर, छोटी. जाहिरात गेली. कमिशन पोरीच्या क्लासच्या महिनाभराच्या फीएवढं होतं. दोन-तीन ओळखीचे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. आप्पा दोन महिने बोलले नाहीत. आता गोळ्या परत चालू आहेत, पण "तुझ्यामुळं न्हाई, डाक्टर वरडले म्हणून."

तर सर, हे वाचून मी काय करतो, ते हे. विश्वाचं कोडं मला सुटत नाही. पण कुणी मोठा शब्द फेकला की त्याच्यामागे काय आहे, हे विचारायची सवय लागते. ती लागली नाही तर काय होतं, ते मी २००८ साली केलंय.

ती शेजारची पोरगी मागच्या दिवाळीत एसटी स्टँडवर भेटली. आता तिशीची, कडेवर लेकरू. हसत म्हणाली, "काका, तुमच्या त्या बातमीनं मी शाळा बुडवली होती. पण खरंच काही झालं नाही ते कशामुळं, ते कुणी सांगितलंच नाही." मी तिथेच, गाडी लागेपर्यंत, विश्वकिरणांचं सांगितलं. चंद्रावर रोज टकरी होतात, चंद्र जागेवर आहे.

ती म्हणाली, "एवढंच होतं व्हय?"

एवढंच होतं. चार ओळी.

ता.क. : तुमच्याकडे अशी पुस्तकं पडून असतील, रद्दीत देऊ नका. वाचनालयात द्या किंवा मला सांगा, मी येऊन घेऊन जाईन. आणि कमेंटमध्ये एक प्रश्न लिहा. उत्तर माहीत असेल तर देईन, नसेल तर दोघं मिळून शोधू.